बिनसांध्याचा ओटा

अंगणातला काँक्रीटचा मिक्सर सुरू झाला तेव्हा ओट्याच्या उंचीबद्दल घरातल्या कोणत्याही दोन माणसांचं एकमत नव्हतं, आणि नेमका त्यामुळेच तो सुरू करण्यात आला. धाकट्या दिराचा हिशेब असा, की काँक्रीट एकदा कालवलं की तासा-दीड तासात ओतावंच लागतं, म्हणजे घरच्यांना जे काही ठरवायचं ते तेवढ्यात ठरवावंच लागेल. याच घरात जन्मलेल्या माणसाने असा हिशेब मांडावा, याचं वहिनींना नवल वाटलं. पण त्या बोलल्या नाहीत. त्यांच्या हातात नळीचं टोक होतं.

नळी बाबांची. वीस हात लांब, पारदर्शक, आत पाणी भरलेलं. एक टोक इथे धरायचं, दुसरं तिथे. दोन्हीकडे पाणी एका पातळीला येतं, त्यावरून काम सरळ की तिरपं ते कळतं. दादांच्या, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याच्या, गाडीत लाल रेघ पाडणारं यंत्र होतं, ते भिंतीवर टाकलं की झालं. पण आयुष्यभर टाक्या आणि मोऱ्या बांधलेल्या बाबांचा ब्याऐंशीव्या वर्षीही भरवसा पाण्यावर, आणि पाण्यावरच. आता त्या नळीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं. लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे एकोणतीस वर्षं, ते कुणीतरी वहिनी होत्या.

"जरा वर."

"किती वर, बाबा?"

"पाणी हलतंय. श्वास घेऊ नकोस."

वहिनींनी श्वास धरला. सासरे शेगडीच्या जागेपाशी, त्या खिडकीपाशी, आणि मध्ये नऊ फुटांचा लाकडी साचा, टेकूंवर उभा, आत सळयांची जाळी विणलेली. यात आज काँक्रीट ओतलं जाणार होतं आणि संध्याकाळपर्यंत त्याचा ओटा होणार होता. जुना दगडी ओटा नळवाल्याच्या कृपेने गेला. त्याने त्यावर चढून छताकडे हात घातला आणि ओटा मधोमध फुटला. त्याला आज चोवीस दिवस झाले. चोवीस दिवस वहिनी मागच्या पडवीत पिंपावर टाकलेल्या फळीपाशी सहा माणसांचं रांधत होत्या, आणि घरातले सगळे ओट्यावर विचार करत होते.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, खाली आणला, पुन्हा चढवला.

"दोन इंच."

"काय दोन इंच?"

"हे टोक तुझ्या टोकापेक्षा दोन इंच वर आहे. आता सिंकपाशी ये."

वहिनी सिंकपाशी गेल्या. बाबांनी बराच वेळ पाण्याकडे पाहिलं.

"सिंक माझ्याहून इंचभर वर. म्हणजे खिडकीहून तीन. ओटा बांधताय का घाट?"

दारात उभे असलेले दादा म्हणाले, "नळीत हवा असेल, बाबा." दादांचं आयुष्यातल्या बहुतेक संकटांबद्दल हेच मत असे.

"नळीत हवा नाही. तुझ्या कारभारात आहे. मिस्त्रीला बोलाव."

मिस्त्री अंगणातून आला. बाबांच्या हाताखाली चाळीस वर्षं, आता दादांच्या हाताखाली. त्याला साचा दाखवण्यात आला. त्याने तो पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा पाहिला.

"बरोबर आहे की."

"बरोबर? सिंक डोंगरमाथ्यावर गेलंय! सांडलेलं पाणी शेगडीत जाईल!"

"आता बाबा, तुम्ही सोमवारी म्हणालात, शेगडीपाशी छत्तीस इंच. केलं. मंगळवारी ताई म्हणाल्या, सिंकपाशी सदतीस पाहिजे, भांडी घासताना पाठ दुखते. केलं. काल हे म्हणाले," त्याने अंगणातल्या धाकट्याकडे हनुवटी केली, "खिडकीपाशी चौतीस. तेही केलं."

"आणि तू सगळ्यांचं ऐकलंस?"

"मी कशाला ऐकतोय? दादांना विचारलं. दादा म्हणाले, सगळ्यांचं ऐक."

सगळ्यांनी दादांकडे पाहिलं. दादांनी मिक्सरकडे पाहिलं.

"म्हणजे ऐकून घे म्हणालो होतो मी," दादा म्हणाले. "बोलताना माणसाला बरं वाटतं, म्हणून. करायला कुणी सांगितलं?"

आतल्या खोलीतून ताई आल्या. ताई सगळ्यात थोरल्या, उंचीनेही. वर्षातून दोनदा आठ-आठ दिवस माहेरी येत आणि आल्या की आठच्या आठ दिवस घर ताब्यात घेत. पाठोपाठ अंगणातून धाकटा आला. हाताला काँक्रीट, डोळ्यांत तेज. हा लोकांची घरं आतून सजवून देतो. त्याच्या सजावटीत भिंतींना गिलावा नसतो, जमिनीला फरशी नसते, छतावर फळ्यांचे वळ तसेच ठेवलेले असतात, आणि लोक यासाठी रांग लावतात. बाबांनी त्याचं एक घर पाहून येऊन एवढंच म्हटलं होतं, "गिलावा परवडत नसे तेव्हा आम्हीही असंच ठेवायचो."

त्याच्या मनातला ओटा शेगडीपासून निघून, खिडकीची खालची भिंत काढून, सरळ अंगणात जाणार होता, तिथे चारचौघांना बसायला टेबल होणार होता, आणि टोकाला खाली उतरून बाक. आत-बाहेर एकच ओत. कुठेही सांधा नाही. 'सांधा नाही' हे तो इतक्या वेळा म्हणाला होता की घरातल्या सगळ्यांना सांधा म्हणजे काहीतरी घाणेरडं वाटायला लागलं होतं. वहिनींना मात्र हे चित्र या घरात कसं काय बसणार ते कळत नव्हतं. इथली सगळी नाती सांध्यांवरच तर उभी होती.

"झालं ते झालं," धाकटा म्हणाला. "सगळं चौतीसला आणा. खिडकीच्या चौकटीला चौतीसच जुळतं. पाऊण तासात होतं ना, मिस्त्री?"

"चौतीस?" ताई म्हणाल्या. "आईचा ओटा छत्तीस होता. बाबा, सांगा याला."

"छत्तीस," बाबा म्हणाले.

"मग मंगळवारी तू सदतीस कशाला सांगितलंस?" धाकट्याने ताईंना विचारलं.

"कारण मी आईहून इंचभर उंच आहे."

"अगं, पण तू इथे राहतेस का?"

"म्हणजे आता मी परकी? ऐकलंत ना, बाबा?"

"मी काही ऐकलं नाही," बाबा म्हणाले. "रेघ बघा. भिंतीवर काय आहे ते बघा."

भिंतीवर अकरा रेघा होत्या. या घरात नकाशाला किंमत नव्हती. बाबांनी पहिली टाकी बांधली तेव्हापासूनचा नियम असा, की ज्याला काही म्हणायचं असेल त्याने निळीत बुडवलेली दोरी भिंतीवर ताणायची, मधून उचलून सोडायची, आणि उमटलेल्या रेघेखाली तारीख घालायची. रेघ नाही त्याला तोंड नाही. आता दोरी एकट्याने ताणता येत नाही. एक टोक आपण धरलं तर दुसरं कुणीतरी धरावं लागतं, आणि ते घरच्याच माणसाने धरायचं. मिस्त्रीने धरलं तर ती रेघ मिस्त्रीची. त्यामुळे या घरात रेघ पाहिली की ती कुणाची एवढंच नाही, तर त्या दिवशी त्याच्या बाजूला कोण होतं हेही लोकांच्या ध्यानात राहायचं.

चोवीस दिवसांत बाबांच्या तीन रेघा झाल्या होत्या, तिन्ही छत्तीसला, एकीवर एक. धाकट्याच्या चार. ताईंच्या दोन. दादांच्या दोन, एक बाबांच्या जवळ आणि एक धाकट्याच्या जवळ, म्हणजे कुणी दुखावायला नको. अकरापैकी आठ रेघांचं दुसरं टोक वहिनींनी धरलं होतं. त्यांची स्वतःची एकही नव्हती. हे कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं, कारण प्रत्येकाला भिंतीवर आपलीच रेघ दिसायची.

"वीस मिनिटं झाली," मिस्त्री म्हणाला. "पहिली रास ताडपत्रीवर पडून आहे. ऊन आहे."

"पाणी मारा थोडं," दादा म्हणाले.

"खबरदार पाणी माराल तर!" बाबा आणि धाकटा एकदम ओरडले. गेल्या चोवीस दिवसांत त्या दोघांचं जमलं ते एवढ्याच वाक्यावर. दोघांनी एकमेकांकडे जरा संशयाने पाहिलं.

दादा समजुतीच्या सुरात आले. "हे बघा. बाबांचं छत्तीस, याचं चौतीस. पस्तीस करून टाकू. कुणाचंच नाही, म्हणजे सगळ्यांचं."

"पस्तीसला खिडकीत एक इंचाची पायरी येते!"

"पस्तीस म्हणजे आईचाही नाही आणि कशाचाच नाही," ताई म्हणाल्या. "त्यापेक्षा चौतीस परवडलं. निदान काहीतरी दिसेल तरी."

"ताई, खरंच?" धाकट्याचा चेहरा उजळला.

"खरंच म्हणजे, सिंकचा भाग सदतीस ठेवणार असशील तर."

चेहरा मावळला. मग त्याने तो वहिनींकडे वळवला. "वहिनी, तूच सांग. चौतीस सोयीचं ना? खिडकीतून ताट बाहेर द्यायला?"

"आमच्या सूनबाईला काय विचारतोस?" बाबा म्हणाले. "छत्तीसला एकोणतीस वर्षं काम केलंय तिने. कधी तक्रार ऐकलीस?"

"अगं, पस्तीस म्हण आणि मोकळी हो," दादा म्हणाले.

एकोणतीस वर्षांत वहिनींना या घरात पुष्कळदा विचारण्यात आलं होतं. प्रत्येक वेळी प्रश्नाच्या आतच उत्तर घालून मिळे, आपल्याला फक्त मान हलवायची असे. आज मान हलवायला गेलं तरी दुखत होती. गेल्या हिवाळ्यापासून उजवा खांदा वर जात नव्हता. हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन प्रश्न विचारले होते: उंची किती, आणि तुमचा ओटा किती? दुसऱ्याचं उत्तर ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. "म्हणजे तुम्ही रोज तीन तास हात काखेपर्यंत उचलून चिरताय, ढवळताय. बाई, हा खांदा औषधाने बरा होणार नाही. ओटा खाली आणा." हे वहिनींनी घरी येऊन सांगितलं होतं. त्या दिवशी दादांच्या कामावर एका टाकीची सेंट्रिंग, म्हणजे टेकू-फळ्यांचा सांगाडा, कोसळता कोसळता वाचली होती, आणि जेवताना सगळे सेंट्रिंगबद्दल बोलत होते.

आता काँक्रीटचा ओटा म्हणजे एकदा झाला की झाला. दगड बदलता येतो, लाकूड तासता येतं. हा त्यांच्या मरणानंतरही इथेच असणार होता.

"एकतीस," वहिनी म्हणाल्या.

मिक्सरच्या आवाजात दादांना वाटलं त्या वेळ सांगतायत.

"काय एकतीस?"

"ओटा. एकतीस इंच." त्यांनी नळीचं टोक खिडकीच्या कडेला ठेवलं, साच्यासमोर उभ्या राहिल्या आणि कोपर काटकोनात वाकवलं. कोपर जेमतेम साच्याच्या खिडकीकडच्या, चौतीसच्या काठाला आलं. "डॉक्टर म्हणाल्या, कोपराच्या चार बोटं खाली. माझं एकतीस येतं."

"एकतीस!" धाकटा म्हणाला. "वहिनी, खिडकी चौतीसला आहे! तीन इंचांची पायरी येईल. सांधा येईल!"

"येऊ दे."

"अगं, पण उंच माणसांचं काय?" दादांनी विचारलं.

"उंच माणसांपैकी ज्याला सकाळी साडेपाचला या ओट्याशी उभं राहायचं असेल, त्याने आत्ता हात वर करावा."

कुणी केला नाही. फक्त बाबांचा हात वर होता, पण त्यात नळी होती. लक्षात येताच त्यांनी तो खाली आणला आणि पाणी धोतरावर सांडलं.

"रेघ कुठे आहे तुझी?" बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण त्याला धार होती. "आज ओतायच्या दिवशी आठवण झाली? घराचा नियम आहे. रेघ नाही त्याला तोंड नाही."

वहिनींनी खिळ्यावरची दोरी काढली, निळीच्या डब्यातून ओढली, एक टोक शेगडीकडच्या भिंतीवर एकतीसवर धरलं, आणि दुसरं टोक पुढे केलं.

कुणीच ते घेतलं नाही.

मिस्त्रीने सवयीने हात पुढे केला, बाबांकडे पाहिलं आणि मागे घेतला. धाकट्याने हातावरचं काँक्रीट खरवडायला घेतलं, ते अचानक फारच चिकटलं होतं. दादा एक पाऊल पुढे आले. "अगं, म्हणजे मी धरतो, तसं काही नाही, पण बाबांचा रक्तदाब बघ, आपण जरा आत जाऊन..." आणि तिथेच थांबले. वाईट माणूस नव्हता. त्यांना एकाच वेळी सगळ्यांच्या बाजूला उभं राहायचं असे, म्हणून ते नेहमी दारात सापडत.

दोरी मध्येच लोंबत राहिली. निळे थेंब जमिनीवर पडायला लागले. वहिनींचा खांदा ठणकत होता, पण त्यांनी हात खाली घेतला नाही. रडू येत नव्हतं, राग येत होता. तोही कुणा एकाचा नाही. नऊ फूट भिंत, चार धडधाकट माणसं, आणि दोरीचं एक टोक.

"एकतीस होणार नाही," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज विचित्र लागला होता. "मी सांगून ठेवते. एकतीस मी होऊ देणार नाही."

"का, ताई? तुम्हाला आठ दिवसांत काय फरक पडतो?"

"सोळा. वर्षातले सोळा दिवस." ताई साच्यापाशी आल्या. "माझ्या सासरचा ओटा तीस इंचांचा आहे. माझ्या सासूबाई तुझ्याएवढ्या होत्या, त्यांच्या मापाचा. तेहतीस वर्षं मी तिथे कमरेत मोडून उभी आहे. हे बघ." त्यांनी पदर बाजूला केला. पोटावर रुंद पट्टा आवळलेला होता. "बदला म्हटलं तर म्हणतात, चांगला दगड आहे, कशाला फोडायचा? जगात एकच ओटा होता जिथे मी सरळ उभी राहायचे. तो हा."

बाबा पट्ट्याकडे पाहत होते. त्यांना तो माहीत नव्हता.

"मग तुम्हाला कळतच होतं," वहिनी सावकाश म्हणाल्या.

"काय?"

"मी इथे टाचा उचलून उभी असते ते."

ताईंनी मग नजर खाली घातली.

"दिसायचं," त्या म्हणाल्या. "वाटायचं, सवय झाली असेल."

"झालीच आहे. तुम्हाला नाही झाली का वाकायची?"

"पस्तीस मिनिटं," मिस्त्री कुणालाही न उद्देशून म्हणाला.

ताईंनी पदर पुन्हा सारखा केला. मग त्यांनी चिडून, अगदी हिसकावून घ्यावं तसं, दोरीचं टोक घेतलं आणि खिडकीकडे चालू लागल्या.

"किती म्हणालीस? एकतीस? टेप कुठाय? या घरात बघावं तेव्हा टेप नसतो!"

"ताई!" बाबा म्हणाले. "आणि आईचा ओटा?"

"तो नळवाल्याने फोडला, बाबा." ताईंनी वाकून, कमरेवर एक हात ठेवून, खिडकीकडच्या भिंतीवर माप घेतलं. "आता होईल तो हिचा होईल. दुसऱ्याच्या मापाच्या ओट्याशी बाईचं काय होतं ते बघायचं असेल, तर मला बघा. अगं, ताण ना! सैल आहे."

वहिनींनी ताणली. ताईंनी मधोमध चिमटीत धरून दोरी सोडली. अकरा रेघांच्या पार खाली बारावी उमटली, गडद निळी, सरळ. बाबांनी नेहमीच्या सवयीने ती डोळ्याने तपासली, आणि तिच्यात काही चूक सापडली नाही याचा त्यांना त्रास झाला असावा.

"दादा," धाकटा कळवळून म्हणाला, "तू तरी काही बोल."

सगळ्यांनी पुन्हा दादांकडे पाहिलं. दादांनी मिक्सरकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, मग बायकोच्या अजून भिंतीला टेकलेल्या हाताकडे पाहिलं.

"मिस्त्री, टेकू कापा," दादा म्हणाले.

"सगळ्यांचं ऐकून घेतलं का, दादा?"

"टेकू कापा म्हणतोय ना!"

मग करवती आल्या. साचा खाली यायला तास लागला. ताडपत्रीवरची रास तोवर थांबणार नव्हती, म्हणून ती अंगणात आधीच तयार असलेल्या बाकाच्या साच्यात ओतून टाकली. म्हणजे बाक आधी, ओटा नंतर, आणि मध्ये खिडकीपाशी तीन इंचांची पायरी. सांधा आलाच. धाकटा सिमेंटच्या पोत्यावर डोकं धरून बसला आणि म्हणाला की हे तो कुठल्याही मासिकाला दाखवू शकणार नाही. ताई त्याला म्हणाल्या, मग दाखवू नकोस. तासाभराने तो उठला आणि पायरीची कड स्वतःच्या हाताने थापीने गोल करत बसला. कुणाचा हात कापायला नको, म्हणाला. वहिनींनी त्याला पाणी नेऊन दिलं.

दुपारी चारला ओटा भरून झाला. वर पाणी चमकत होतं, ते विरत गेलं, आणि पृष्ठभाग करडा, मऊ, घट्ट होत गेला. माणसं हातपाय धुवायला गेली. ताई आत आडव्या झाल्या. स्वयंपाकघरात बाबा खुर्ची टाकून बसले होते, ओल्या ओट्याकडे पाहत. बारावी रेघ उमटल्यापासून ते कुणाशी बोलले नव्हते. वहिनी पोती भिजवून घेऊन आल्या. काँक्रीट तडकू नये म्हणून ती उद्यापासून ओट्यावर घालायची होती.

"सूनबाई."

"हं."

"उंची किती तुझी?"

वहिनींच्या हातातलं पोतं जमिनीवर ठिबकत राहिलं.

"चार फूट दहा."

बाबांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, एखाद्या उभ्या खांबाकडे पाहावं तसं, एक डोळा बारीक करून.

"मी पाच धरली होती."

"कशावरून?"

बाबांनी चष्मा काढून धोतराला पुसला. मग म्हणाले, "अंदाजाने."

या माणसाने आयुष्यात एक मोरी अंदाजाने घातली नव्हती. अंदाजाने काम करणाऱ्या मजुराला दुसऱ्या दिवशी कामावर घेत नसत. वहिनींच्या जिभेवर 'असू द्या, बाबा' येऊन उभं राहिलं. एकोणतीस वर्षं ते तिथे तयारच असायचं, विचारायच्या आधी निघून जायचं. त्यांनी ते आत ढकललं.

"दोन इंच चुकलं, बाबा," त्या म्हणाल्या.

"हो," बाबा म्हणाले. "चुकलं दोन इंच."